आधीच दिलेली क्षमा

रविवार, १७ मार्च १९९६. गाडीत तेरा माणसे होती. दहा राहिली.

गाडी आमच्या विद्यापीठाची, पंधरा आसनांची पांढरी व्हॅन. ती जेनेल उनरू चालवत होती. वय एकवीस, शेवटचे वर्ष. वसंताच्या सुटीत आमचा गायनवृंद गावोगावी मेनोनाइट या आमच्या ख्रिस्ती पंथाच्या चर्चमध्ये गाऊन येई आणि तिथल्याच लोकांच्या घरी उतरे. त्या दुपारी नेब्रास्कातले शेवटचे गायन आटोपून दोन व्हॅन कॅन्ससकडे परत निघाल्या होत्या. पुढची डेलबर्ट श्राग चालवत होते. ते गायनवृंदाचे संचालक. भर उन्हात, जिथे वळणाचे नावही नाही अशा रस्त्यावर, मागची व्हॅन खाली उतरली आणि उलटली. जेनेलचा डोळा लागला होता. पोलिसांना तिने सर्वप्रथम हेच सांगितले.

मी त्या विद्यापीठात समाजशास्त्र शिकवीत असे आणि जेनेल माझ्या वर्गात होती. अपघातापूर्वी तिच्याविषयी कोणाला सांगण्यासारखे काही आठवले नसते. घरी गव्हाची शेती. कापणीच्या दिवसांत ती शाळकरी वयापासून धान्याचा ट्रक कोठारापर्यंत नेत आली होती. त्यामुळे दुसऱ्या व्हॅनला चालक हवा म्हटल्यावर तिच्याखेरीज कोणाचे नाव निघाले नाही. आवाज खालच्या पट्टीचा. एकटी कधी गायली नाही, पण शेजारचा स्वर डळमळला की तिच्या स्वराला धरून तो सावरे. प्राथमिक शाळेत शिकवावे, एवढीच तिची पुढची कल्पना होती.

तिन्ही दफने झाल्यावर बुधवारी विद्यापीठाचे चॅपल, म्हणजे प्रार्थनागृह, भरले. मृतांपैकी केंट फ्रीसन हा एल्डा फ्रीसन यांचा धाकटा मुलगा. एल्डा पुढे आल्या, जेनेलला उभे केले आणि तिचे दोन्ही हात हातात घेतले.

"जेनेल, बाळ, आम्ही तुला क्षमा केलीय. आज नाही, बातमी आली तेव्हाच केली."

इतर दोन्ही घरची माणसेही उठून आली. आमच्या लोकांत हे नवे नाही. आम्ही शस्त्र धरीत नाही, कोर्टाची पायरी चढत नाही, आणि ज्याच्या हातून घात झाला त्याच्याकडे आधी आपण चालत जातो. मुले हे अक्षरओळखीच्या आधी शिकतात. मी हे उपहासाने लिहीत नाही. एल्डांनी जे केले त्यात कसलेही नाटक नव्हते.

जेनेल म्हणाली, "थँक यू." मग ती खाली बसली.

त्या दिवसापासून तिला कोणीही काही विचारले नाही. लोक तिच्या खोलीवर खाणे पाठवू लागले: सूप, मुरंबे, आणि प्रत्येक घरचे लोणी घातलेले, गोळ्यावर गोळा ठेवून भाजलेले दुमजली पाव. तिची खोलीतली सोबतीण ट्विला रेगियर त्याच व्हॅनमध्ये होती. तिच्या खांद्याचे हाड मोडले होते आणि हात गळ्यात बांधलेला होता.

"आणखी एक टोपली आली," ट्विला म्हणाली. "जेन, आपण बेकरी काढू या. एका हाताने मी गल्ला सांभाळीन."

"ठेव तिथे."

"तिथे जागा नाहीये. तुझ्या पलंगावर ठेवू?"

"ठेव."

ट्विलाने खरोखरच ठेवली. जेनेल त्या रात्री टोपली न हलवता कडेला झोपली, असे ट्विलाने मला पुढे सांगितले. ती रडत नव्हती. वर्गात वेळेवर येई, संख्याशास्त्राच्या परीक्षेत तिला नेहमीसारखेच गुण मिळाले, भोजनगृहात ताटात वाढले जाई ते खाई. लोक म्हणत, पोरगी सावरली.

एप्रिलमध्ये माझ्या वर्गात शिक्षा आणि समाज हा विषय चालला होता. एका विद्यार्थ्याने, आमच्याकडचा कोणीही देईल तसे, उत्तर दिले की जो समाज क्षमा करतो त्याला शिक्षेची गरज उरत नाही. जेनेलने हात वर केला. सुटीनंतर प्रथमच.

"क्षमा करायची तर कशाची, ते आधी ठरायला नको?"

"ते तर सगळ्यांना माहीतच असतं ना," तो मुलगा म्हणाला, आणि कोणासमोर बोललो हे ध्यानात येऊन लाल झाला.

"नसतं," ती म्हणाली.

आमच्याकडे पदवीपूर्वी शेवटच्या वर्षाच्या प्रत्येक विद्यार्थ्याला चॅपलमध्ये उभे राहून साक्ष द्यावी लागते. आपला विश्वास या वर्षांत कुठून कुठे आला, हे स्वतःच्या शब्दांत सांगायचे. त्यावाचून पदवी नाही. डीन विल्मर पेनर यांनी जेनेलला बोलावले. मी तिचा मार्गदर्शक होतो म्हणून मलाही.

"तुझी साक्ष ऐकायला सगळे येणार आहेत," विल्मर म्हणाले. "घाई नाही. देवानं तुला यातून कसं पार नेलं, एवढंच सांग."

"विल्मर, त्याआधी मला डेलबर्टना काही विचारायचंय. सगळ्यांसमोर."

"काय?"

"नेब्रास्कात जेवणं झाल्यावर मी त्यांना म्हणाले होते, मला झोप अनावर होतेय, तासभर थांबू या. ट्विला शेजारीच होती. ते म्हणाले, कॉफी घे, काच खाली कर. सकाळी चॅपलमध्ये गायचंय, उशीर नको."

विल्मरनी उठून दार लावून घेतले. माणूस वाईट नव्हता.

"जेनेल, एकदा क्षमा झाली की ते उकरायचं नसतं. उकरणं म्हणजे मिळालेली क्षमा परत करण्यासारखं आहे. एल्डाला काय वाटेल?"

"एल्डांना हे माहीतच नाहीये."

"मग तिला आणखी का दुखवायचं?"

बाहेर आल्यावर ती मला म्हणाली, "मी गुन्हा नाकारत नाहीये. झोप मलाच लागली."

"ते कळतंय मला," मी म्हणालो.

त्याच आठवड्यात ती संगीताच्या खोलीत गेली. ट्विला हट्टाने बरोबर गेली. पुढचे मला दोघींकडून वेगवेगळे कळले आणि त्यात तफावत नव्हती. डेलबर्ट स्वरलेखनाची पाने लावत होते. गायनवृंद त्यांनी तरुणपणी उभा केला होता आणि गावातले निम्मे संसार त्यात जुळले होते.

"हो, तू म्हणाली होतीस," जेनेलने विचारताच ते म्हणाले. "मला ते रोज आठवतं."

"मग ते तिथे सांगा."

"सांगून कोण परत येणार आहे? विमेवाले येतील, वकील येतील, वृंद बंद करतील. आणि क्षमा तर झालीय. मी असं धरून चालतो की ती माझीही झाली."

"तुमची कोणी केली?" जेनेलने विचारले. "तुमचं तर नावच निघालं नाही."

ट्विला म्हणाली, "डेलबर्ट, शेतातली पोरं ट्रकची चावी हरवली तरी कबूल करतात हो."

"ट्विला, तू गप्प बस."

"एक हात बांधलाय, तोंड नाही."

डेलबर्टनी पुन्हा पाने लावायला घेतली. दोघी निघाल्या.

मे महिन्याच्या आरंभी जेनेलची साक्ष झाली. चॅपलमध्ये मागच्या भिंतीलाही माणसे उभी होती. एल्डा पहिल्या रांगेत बसल्या होत्या. जेनेल कागदाशिवाय उभी राहिली आणि वर्गात उत्तर द्यावे तशा आवाजात बोलली.

"मी गाडी चालवताना झोपले. तीन जण गेले. निघण्यापूर्वी मी म्हणाले होते की मला झोप येतेय, थांबू या. मला निघायला सांगितलं. मी नाही म्हणू शकले असते, म्हटलं नाही. तेवढं माझं आहे आणि त्याची क्षमा मला हवी आहे. उरलेलं माझं नाही. त्याची क्षमा मला दिली गेली, पण ती मी ठेवून घेऊ शकत नाही. ज्याची आहे त्यानं मागावी."

तिने कोणाचे नाव घेतले नाही. त्याची जरुरी नव्हती. व्हॅन दोन होत्या आणि त्यांत वडीलधारी व्यक्ती एकच.

आमच्या लोकांना शांतता सोसते, पण अशी सोसत नाही. सभेत अवघडलेपण आले की कोणीतरी स्तोत्र सुरू करते, आणि बाकीचे आपापल्या पट्टीत त्यात मिसळतात; कोणाला शिकवावे लागत नाही. त्या दिवशीही मागून एक पुटपुटता आवाज उठला. सुरुवातीचा स्वर देणे हे डेलबर्टचे काम. त्यांनी तो दिला. सारे चॅपल चार पट्ट्यांत गाऊ लागले, आणि फार सुंदर गायले. जेनेल गायली नाही. एल्डाही नाही. स्तोत्र संपल्यावर विल्मरनी आशीर्वाद म्हटला आणि सर्वजण जेवायला गेले.

दारात एल्डांनी डेलबर्टना गाठले. मी दोन पावलांवर होतो.

"डेलबर्ट, तिनं थांबायला सांगितलं होतं?"

"एल्डा, पोरगी खचलीय. तिला जसं आठवतं तसं ती बोलते."

एल्डांनी मान हलवली, होकाराची की नकाराची ते कळले नाही, आणि त्या मोटारीकडे चालत गेल्या.

क्षमा करणाऱ्या समाजाचे दोष मी अनेक वर्षे अभ्यासिले आहेत. सूड घेणाऱ्या समाजाच्या दोषांपुढे ते थोडे आहेत असेच मी आजही मानतो. पण सूड घेणाऱ्याला निदान गुन्हेगार कोण हे शोधावे लागते. आम्ही समोर उभ्या असलेल्या व्यक्तीला क्षमा करून मोकळे झालो, आणि ती एकवीस वर्षांची होती.

साक्ष ग्राह्य धरली गेली. जेनेलला पदवी मिळाली. ती आयोवात एका शाळेत दुसरीच्या मुलांना शिकवू लागली. गाडी चालवत नाही, चर्चला जाते, गात नाही. ट्विला वर्षातून एकदा तिच्याकडे जाते आणि दोघी फारसे बोलत नाहीत. डेलबर्ट आणखी आठ वर्षे संचालक राहून सन्मानाने निवृत्त झाले. एल्डा वारल्या.

जेनेलने थांबू या म्हटले होते, एवढे एक वाक्य डेलबर्ट श्राग यांच्याकडून येणे आहे. ते आलेले नाही.