लोखंडी हाताची देवी आणि जिवतीचा शुक्रवार

चार बायकांत बोलायची वेळ आली की माझी जीभ टाळूला चिकटते. दुकानात साखर घ्यायची असली तरी मी आधी दुसऱ्या बाईला मागू देते आणि तिनं घेतली तेवढीच मागते. त्यामुळे श्रावणातल्या त्या शुक्रवारी जे झालं ते कुणाला बोलून दाखवणं माझ्याच्यानं होणार नाही. लिहून ठेवते.

आमच्याकडं, अहमदपूरच्या बाजूला, श्रावणी शुक्रवारी लेकरांसाठी जिवतीची पूजा करतात. मुठीत अक्षता धरून कहाणी ऐकायची, ती संपली की अक्षता देवीला वाहायच्या आणि मगच उपास सोडायचा. आमच्या गल्लीत कहाणी सांगायचा मान सासूबाईंचा. त्यांना सगळं तोंडपाठ, म्हणून घरात पुस्तक नाही. यंदा त्या नांदेडला बारशाला गेल्या, तिथं कुल्फीवर कुल्फी खाल्ली आणि आवाज घालवून आल्या. बायका जमल्या, अक्षता वाटल्या, आणि सासूबाईंनी बोट माझ्याकडं केलं.

"सांग की गं," शेजारच्या काकू म्हणाल्या. "पोटात कावळे वरडून राहिलेत."

माझी लेक लातूरला क्लासला आहे. यंदा तिचं डॉक्टरकीच्या परीक्षेचं वर्ष. यंदाची पूजा चुकून चालणार नव्हतं. मी सुरू केलं, "आटपाट नगर होतं. तिथं एक राजा होता." आणि पुढचं सगळं पुसलं गेलं. दर वर्षी ऐकलेली कहाणी, पण ऐकताना माझं लक्ष चुलीवरच्या पुरणावर असायचं, त्याला मी काय करू?

डोक्यात भलतंच नगर उभं राहिलं. मागं लेकीकडं लातूरला गेले होते, तेव्हा तिनं खोलीवर मोबाइलवर चीनचा कार्टून पिच्चर दाखवला होता. देव त्यांच्या जुन्या पुराणातले, पण शहर पुढच्या जमान्यातलं. ढगात घुसलेल्या इमारती, जांभळ्या-हिरव्या लाईटी, उडत्या गाड्या. देवाचा पिच्चर म्हणून मी पाय आखडून, डोक्यावर पदर घेऊन बसले. पहिला मुकुटवाला दिसला त्याला हात जोडले. लेक म्हणाली, "आई, तो व्हिलन हाय!"

आता तोच व्हिलन माझ्या तोंडून बाहेर पडला.

"त्या राजानं पावसाचा नाग तळघरात कोंडला. त्याच्या अंगाला वायरी लावल्या. त्याच्या जिवावर साऱ्या नगराची लाईट चाले."

"आन् पाऊस?"

"बंद."

"आपल्यासारखंच की," काकू म्हणाल्या. "आपल्याला फकस्त लाईट बी न्हाई."

"मग देवी आली. तिचा एक हात लोखंडाचा."

"लोखंडाचा कशापायी?"

हे मलाही कळलं नव्हतं. "नवस होता," मी ठोकून दिलं.

सासूबाई जमिनीवर हात आपटू लागल्या. "चुकलं माझं," मी खाली मान घालून म्हणाले. "ही जिवतीची न्हाई. चीनचा पिच्चर हाय."

कुणी हसलं नाही, तेच वाईट. एक नवी सून मुठीतल्या अक्षतांकडं बघत म्हणाली, "मग ह्या आता कुणाला वाहायच्या?" लेकीसाठी केलेली पूजा मी चीनला पाठवून बसले होते.

सासूबाईंनी परत हात आपटला आणि बोट पुढं पुढं फिरवलं. काकूंना उमगलं. "त्या म्हणून राहिल्यात, कहाणी अर्धी टाकून उठू नये. कुठली का असंना. नाग सुटला का न्हाई, सांग."

"ठाऊक न्हाई."

"म्हंजी?"

"शेवटाला माझा डोळा लागला."

आता मात्र सगळ्या हसल्या. "लाव पोरीला फोन," काकू म्हणाल्या.

एरवी फोनवर आम्हा मायलेकींचं बोलणं "जेवलीस का" आणि "हाव" एवढंच. मी स्पीकर लावला, अडखळत सगळं सांगितलं. पलीकडं तिचं जेवणं थांबलं. मला वाटलं, पोरीला लाज वाटली.

"आई," ती म्हणाली, "तू हे बायकांपुढं सांगितलंस? तू?"

मग तिनं डबा बाजूला ठेवला असावा, कारण ताटली वाजली, आणि ती पुढचं सांगू लागली. देवी तळघरात उतरली, एकेक वायर उपटली. शेवटची तुटेना, तेव्हा तिनं आपला लोखंडी हातच काढून त्यात अडकवला. नाग सुटला. सारं नगर अंधारात बुडालं आणि त्या अंधारात लोक भिजत नाचले. शेवटी पोरीनं थेट आजीच्या चालीत म्हटलं, "साठा उत्तरांची कहाणी पाचा उत्तरी सुफळ संपूर्ण." दर वर्षी ती कोपऱ्यात बसून ऐकायची, तेव्हा तिचं लक्ष पुरणावर नसायचं तर.

सासूबाईंनी सगळ्यांच्या आधी अक्षता जिवतीवर टाकल्या. मग बाकीच्यांनी टाकल्या. मी हात जोडले, या खेपेला नीट बघून.

"आजी," लेक स्पीकरवरून म्हणाली, "आईचा नुसता डोळा न्हवता लागला. घोरत होती. शेजारच्या खोलीतल्या पोरी इचारायला आल्या, मोटार कुणाची चालूय म्हणून."

सासूबाईंचा बसलेला आवाज हसताना तेवढा फुटला.

तोवर चुलीवरचं पुरण पार खाली लागलं होतं. पण त्या दिवशी मला नावं ठेवायला दुसरं पुष्कळ असल्यामुळे पुरण सुटलं.