शेटे मास्तरांची तागडी

शेटे मास्तरांच्या शाळेत हजेरीच्या आधी तागडी व्हायची. शाळा भरायची मारुतीच्या देवळात. तिथल्या तुळईला एक जुनी पितळी तागडी टांगलेली असे आणि पायरीशी चिंचोक्यांचं मडकं. पोर आत आलं की एक चिंचोका उचलायचं. मन खुशीत असेल तर उजव्या पारड्यात टाकायचं, काही सलत असेल तर डाव्यात. सगळी पोरं आली की मास्तर चष्मा कपाळावर चढवून काटा बघत आणि त्यावर दिवसाचा अभ्यास ठरे. उजवं पारडं खाली असलं तर पाढे, डावं असलं तर आधी गोष्ट.

मी फायनल पास होऊन त्यांच्या हाताखाली गेलो तो काळ संस्थानी होता. गाव वेल्ह्याच्या अलीकडे, गुंजवणीच्या खोऱ्यात. भोरहून डोंगर ओलांडून पोहोचलो तेव्हा दोन्ही टाचा सोललेल्या होत्या आणि नव्या कोटात घामाने अंघोळ झाली होती. मास्तरांनी नाव विचारायच्या आधी माझ्या हातावर चिंचोका ठेवला. मी तो रागारागाने डाव्या पारड्यात टाकला. लगेच चंद्रा नावाची एक मुलगी उठली, मला हाताला धरून मास्तरांच्या घोंगडीवर बसवलं आणि गुळाचा खडा पुढे केला. डावीकडे टाकणाऱ्यासाठी हा शाळेचा रिवाज होता. मी टाचांची कहाणी सुरू करणार, तेवढ्यात मास्तर म्हणाले, "कारण सांगायचं नाही. आमचा बाप भोरच्या बाजारात धान्य विकायचा. गिऱ्हाइकाला माप द्यावं, कशाला हवंय ते विचारू नये, एवढं त्याने शिकवलंय."

हे वेड त्यांनी पुण्याहून आणलं होतं. ट्रेनिंगला असताना कुणीतरी व्याख्यानात सांगितलं होतं की मुलांचा आनंद आणि दुःखसुद्धा मोजता येतं आणि ते मोजल्याशिवाय शिकवू नये. बाकीच्यांनी ते परीक्षेपुरतं पाठ केलं. वाण्याच्या या मुलाला मात्र मोजायचं म्हटल्यावर दुसरं काही सुचणं शक्यच नव्हतं. बाप गेल्यावर दुकान भावाकडे गेलं आणि यांनी वाटणीत तेवढी तागडी मागून घेतली. "आधी पोर तोलावं, मग बोलावं," असं ते मला दिवसातून चारदा ऐकवत. स्वतः मात्र कधी चिंचोका टाकत नसत. विचारलं तर म्हणत, "दुकानदाराने आपल्या काट्यावर बसू नये."

पोरं काय कमी होती? डावं पारडं खाली गेलं की गोष्ट मिळते हे कळायला त्यांना आठवडासुद्धा लागला नाही. सगळी शाळा दुःखात बुडाली. हसत हसत यायची आणि धडाधड डावीकडे चिंचोके टाकायची. मास्तरांनी मग गोष्टच भुतांची सांगायला घेतली आणि ऐन रंगात आली की तिथेच थांबवून, उरलेली उजवं पारडं खाली जाईल त्या दिवशी, असं जाहीर केलं. दुसऱ्या दिवशी सगळ्यांची मनं प्रसन्न.

पण आयांचं तसं नव्हतं. एके दिवशी पाटलीणबाई देवळाच्या पायरीशी येऊन उभ्या राहिल्या. डोक्यावरचा पदर सावरत म्हणाल्या, "मास्तर, पोरगं सुखात हाय म्हनून चारचौगात रोज सांगायचं, अन् दिष्ट लागून ताप आला म्हंजी? औषीद तुमी देनार व्हय?" त्यांचं म्हणणं गावातल्या सगळ्या आयांना पटलं. उजवं पारडं रिकामं पडलं. दुःख उघड करायला कुणाची हरकत नव्हती, सुख मात्र झाकून ठेवायचं.

मास्तरांनी तोड काढली. उजव्या पारड्याखाली लिंबू-मिरच्या आणि बिब्बा टांगला. आया खूश झाल्या, पण लिंबाच्या वजनाने काटा आपोआप सुखाकडे झुकला. वाण्याच्या मुलाला हे कसं खपणार? त्यांनी डावीकडेही तसंच लिंबू टांगलं. पाटलीणबाई पुन्हा हजर. "आता दुक्खालाबी दिष्ट लागू द्यायची न्हाई म्हनता? मग त्ये जायाचं कसं?" शेवटी मास्तरांनी डावीकडचं लिंबू काढून तेवढ्याच वजनाचा नदीतला गोटा बांधला. दर शनिवारी सकाळी पाटलीणबाई जातीने नवं लिंबू बांधून जात.

त्यानंतर वर्षभरात मास्तरांना मोठा शोध लागला. मुलं शनिवारी सर्वांत आनंदी असतात, मग रोज थोडी थोडी खिन्न होत जातात आणि शुक्रवारी अगदीच उतरतात. शनिवारी मारुतीचा वार, प्रसादाचं खोबरं, शाळाही अर्धीच, अशी कारणंही त्यांनी जुळवली. शुक्रवारी ते पोरांशी इतक्या हळुवारपणे बोलत की पोरांना स्वतःचीच काळजी वाटायला लागली. मलाही ते पटलं होतं. मी शुक्रवारी छडी घरी ठेवून येई.

त्याच सुमारास भोरच्या कचेरीतून कुणकुण लागली. हा मास्तर पाढे सोडून चिंचोके तोलतो, अशी तक्रार गेली होती आणि तपासणीत शेरा वाईट पडला तर बदली घाटाखाली, सुधागडात होणार होती. मास्तरांची आई दम्याने अंथरुणाला खिळलेली. घाट उतरणं आणि त्यानंतर ती कोकणातली दमट हवा, यातून ती वाचली नसती. त्या आठवड्यात मास्तरांना जेवण जाईना. तरी मी तागडी काही दिवस उतरवून ठेवू या म्हटलं, तर म्हणाले, "साहेब आले म्हणून माप लपवलं, तर ते माप खोटं होतं असं होईल."

तपासणीचे साहेब आले ते नेमके शुक्रवारी. उंच, कोरडे, ओठ मिटलेले गृहस्थ. गावाने आदल्या दिवशीच ठरवलं होतं की सगळ्यांनी उजवीकडेच टाकायचं. पण परक्याची नजर म्हणून आयांनी दहा-अकरा वर्षांच्या घोड्यांच्याही गालाला काजळाची तीट लावून पाठवलं होतं. तीटवाली शाळा एकामागून एक आली आणि सगळे चिंचोके उजवीकडे पडले. डाव्या पारड्यात एकही नव्हता. आणि तरीही डावं पारडं खालीच राहिलं.

साहेबांनी तागडीभोवती एक फेरी मारली. सुकून सुपारीएवढं झालेलं लिंबू बोटाने हलवलं, पलीकडचा गोटा हातात धरून पाहिला. "हे लिंबू कधी बांधता?"

"शनिवारी," मास्तर म्हणाले आणि म्हणता म्हणताच त्यांना उमगलं. वर्षभर त्यांनी पोरांचं मन नव्हे, लिंबाचं वाळणं मोजलं होतं. ज्याच्या बापाच्या मापाबद्दल भोरच्या बाजारात कधी चकार शब्द निघाला नव्हता, तो माणूस मान खाली घालून उभा राहिला. मला त्यांच्याकडे बघवेना.

"मग या काट्याला अर्थ काय?" असं म्हणत साहेबांनी मडक्यातला एक चिंचोका उचलला आणि डाव्या पारड्यात टाकून दिला.

चंद्रा उठली. तिला साहेब काय, सहायक काय, सारखेच. तिने साहेबांचा हात धरला, त्यांना घोंगडीवर बसवलं आणि गुळाचा खडा पुढे केला. साहेब काहीतरी बोलणार होते. ती हळूच म्हणाली, "कारन सांगायचं न्हाई. आमी इचारत नसतो."

साहेब हातातल्या खड्याकडे बघत राहिले. तीट लावलेली पोरं आपापल्या पाट्या काढून बसली, कुणीही त्यांच्याकडे टक लावून पाहिलं नाही. बऱ्याच वेळाने त्यांनी गूळ तोंडात टाकला. पाढे त्यांनी विचारलेच नाहीत. जाताना शेरा काय लिहिला ते आम्हाला कळलं नाही, पण बदली आली नाही. पुढे आई मास्तरांच्या मांडीवरच गेली, आपल्या घरात.

लिंबू मात्र मास्तरांनी तसंच ठेवलं. फक्त शुक्रवारी काटा बघताना "लिंबाची सूट धरा रे" म्हणत. साहेब दरवर्षी तपासणीला येत, चिंचोका डावीकडे टाकत, घोंगडीवर बसून गूळ खात आणि मगच दप्तर उघडत. त्यांना काय सलत होतं ते मास्तरांना शेवटपर्यंत ठाऊक नव्हतं.

संस्थान विलीन झालं त्याच पावसाळ्यात मास्तर हिवतापाने गेले. त्यानंतरच्या आठवड्यात साहेब आले. पेन्शनीत निघालेले, चिखलाने गुडघ्यापर्यंत माखलेले. त्यांनी मडक्यातून चिंचोका उचलला, डावीकडे टाकला आणि आपणहून घोंगडीवर जाऊन बसले. वर तागडीकडे बघत म्हणाले, "लिंबू वाळलंय. काटा चुकतोय तुमचा."

"असू द्या, साहेब," मी म्हटलं. "आज बरोबर आहे."

मीही एक चिंचोका डावीकडे टाकून त्यांच्याशेजारी बसलो. चंद्रा लग्न होऊन गेली होती, तिची धाकटी बहीण उठली. गुळाचा खडा एकच उरला होता. तिने तो दातांनी तोडला आणि अर्धा अर्धा आमच्या हातांवर ठेवला. साहेबांनी तो उष्टा गूळ मुकाट्याने खाल्ला.