पूनमसिंगचा गुडघा आणि माझी पक्कड

फुलसावंगीत आमच्या सायकल क्लबाने ‘निरोगी गाव’ फेरी काढली, त्या दिवशी माझी एकवीस गिअरची सायकल वेशीतच पंक्चर झाली. फोटो तर काढायचाच होता. मी टोस्टवाल्या पूनमसिंगची सायकल मागून घेतली. पाय जमिनीला टेकेनात म्हणून सीट चार बोटं खाली केली. पान्हा नव्हता, पक्कड होती. आवळताना नटाचे कोपरेच झिजले. तो गोल झाला आणि पुन्हा कुठल्याच पान्ह्याला दाद देईना. फोटो मात्र छान आला.

पूनमसिंग राठोड सहा फूट उंच. पाठीमागे टोस्ट-खारीची पत्र्याची पेटी बांधून वीस वर्षं रोज आठ गावं-तांडे फिरतो, पस्तीस किलोमीटर. त्याची घंटी ऐकून लोक चहा ठेवतात. आम्ही रविवारी पंधरा किलोमीटर जातो, पोहे खातो आणि त्याला ‘राइड’ म्हणतो. आमच्यातल्या दोघांचे गुडघे दुखले तेव्हा नागपूरला एमआरआय झाला.

पंधरा दिवसांनी पूनमसिंग दिसला तो गुडघे हनुवटीशी घेऊन पेडल मारताना. उजवा गुडघा कवठाएवढा. गावाचं निदान तयार होतं: वय झालं.

“सीट वर का नाही केलीस?”

“नट कापा लागते म्हन्ते सायकल दुरुस्तीवाले रहेमानभाई. दिवसभर सायकल ठिवा म्हन्ते. एक दिवस नाही गेलो का लोक त्या भोंगेवाल्या मोटरसायकलचे टोस्ट घेतीन. मंग थो काही जागा सोडत नाही.”

मन खायला लागलं, म्हणून दुपारी त्याची फेरी संपल्यावर त्याला पुसदला सुरभी मॅडमकडे नेलं. त्या फिजिओथेरपिस्ट. त्यांनी गुडघा दाबून पाहिला. “सीट खाली असली की पेडलच्या दर फेरीला गुडघा जास्त दुमडतो, त्यात पेटीचं वजन. दहा दिवस सायकल बंद. फडक्यात गुंडाळून बर्फ लावा, पाय उशीवर ठेवा. मग सीट इतकी वर घ्या की पेडल खाली गेलं तरी गुडघा थोडासाच वाकलेला राहील. पण खाली केली कोणी?”

मी भिंतीवरचा हाडांचा तक्ता वाचू लागलो.

“एका शिकलेल्या मानसानं,” पूनमसिंग म्हणाला.

परतताना एसटीत मी क्लबातल्या भाषणाचा सूर लावला. “पूनमसिंग, तब्येत महत्त्वाची. दहा दिवस अजिबात हलू नकोस.”

तो खिडकीबाहेर बघत होता. पुढच्या वळणावर भोंगेवाली मोटरसायकल आम्हाला मागे टाकून गेली.

“टोस्टचं काय, बघेल कोणीतरी,” मी म्हणालो.

“कोन?”

“आता ते मी कसं सांगू? तूच सांग, कोण विकेल?”

“तुमाले गाव निरोगी करा लागते ना, सर, उद्या साडेपाचले पेटी घेऊन जा.”