तळघरातला वेढा

माझ्या सासऱ्यांनी इंग्लंडच्या राजाला एकदा मोठी मदत केली. हे न्युरेम्बर्गमध्ये, आमच्या बिल्डिंगच्या तळघरात घडलं. तेव्हा मी पोटुशी होते.

सासूबाई आदल्या वर्षी गेल्या होत्या आणि माझ्या आईला गुडघ्यांमुळे प्रवास झेपणार नव्हता. म्हणून बाळंतपणाला आले ते सासरे, म्हणजे आमचे बाबा. पुण्याहून येताना त्यांनी पिशवीभर अळीव आणले. बाळंतिणीला अळिवाचे लाडू लागतात एवढं त्यांना पक्कं ठाऊक होतं. ते करतात कसे, हे ना त्यांना माहीत होतं ना मला. पंधरवड्यातच बाबा कंटाळले. आम्ही दोघं दिवसभर ऑफिसात, टीव्ही जर्मन, बाहेर थंडी. "माझं इथे काय काम आहे? तिकीट अलीकडचं करून द्या," असं ते रोज जेवताना म्हणायचे. नवरा नुसती मान डोलवायचा. मला मात्र धडकी भरायची. लाडू गेले खड्ड्यात, त्या दिवसांत मला घरात आपलं कुणीतरी मोठं माणूस हवं होतं.

शेवटी मी त्यांना खालच्या मजल्यावरच्या जर्मन आजोबांच्या गळ्यात बांधलं. आजोबा एकटेच राहायचे. त्यांनी आपल्या केलरमध्ये, म्हणजे तळघरातल्या खोलीत, झरोक्याखाली टेबलभर खऱ्या मातीचं रणांगण केलं होतं आणि त्यावर स्वतः रंगवलेले कथलाचे सैनिक मांडले होते. इंग्लंडचा राजा आणि पार्लमेंट यांच्यात यादवी पेटली होती, तेव्हाची लढाई. शहर राजाचं, भोवती पार्लमेंटचा वेढा, आणि तो फोडायला टेकडीपलीकडून आलेली राजाची फौज. आजोबा वेढा घालणार, बाबा फोडणार. दर शनिवारी डाव पुढे सरकायचा आणि दर वेळी आजोबा शहरातलं एक चिमुकलं धान्याचं पोतं उचलून खिशात टाकायचे. पोती संपली की शहर पडलं. बाकीचे नियम आजोबांच्या डोक्यात होते आणि ते सहसा आजोबांच्या विरुद्ध जात नसत.

दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती, त्यामुळे भांडणं झकास व्हायची. बाबा म्हणायचे, "अहो, ही शुद्ध चीटिंग आहे!" आजोबा म्हणायचे, "नाइन, नाइन!", म्हणजे नाही, नाही. वर आल्यावर बाबा मला सांगायचे, "लबाड आहे म्हातारा." पण तिकिटाचा विषय आता एक दिवसाआड निघायला लागला होता.

मग आजोबा आठवडाभर लेकीकडे गेले आणि केलरची किल्ली विश्वासाने बाबांकडे ठेवून गेले. बाबा रोज सकाळी तांब्याभर पाणी घेऊन खाली जायला लागले. मला वाटलं, तहान लागत असेल; बिचारे एकटेच बसून चाली शोधत असतील.

शनिवारी आजोबा परतले. आम्ही तिघं खाली उतरलो. बाबांनी केलरचं दार उघडलं आणि आजोबा उंबऱ्यावरच थबकले. टेकडी हिरवीगार झाली होती. राजाच्या घोडदळाच्या फक्त टोप्या दिसत होत्या आणि पार्लमेंटच्या तोफा कोंबांनी उलथून टाकल्या होत्या.

"अहो बाबा, हे काय केलंत?"

"अगं, डोंगर बोडका होता. दिवाळीचा किल्ला केला की मातीवर अळीव पेरायचे, हे शेंबड्या पोरालाही कळतं. म्हटलं, म्हातारा खूश होईल."

"सगळे पेरलेत?"

"शहरातही थोडे टाकले," बाबा म्हणाले. आता त्यांचा आवाज जरा खाली आला होता.

आजोबांचा चेहरा लालबुंद झाला. झालं, आता हे किल्ली मागणार आणि बाबा तिकीट, असं मी धरूनच चालले. आजोबा वाकले. त्यांनी शहराच्या चौकातला एक कोंब खुडला, हुंगला आणि तोंडात टाकला.

"क्रेसे!" अळिवाचं जर्मन नाव घेत ते म्हणाले आणि तडक वर गेले.

परत आले ते पाव, लोणी, मीठ आणि कात्री घेऊन. राजाची टेकडी कापून त्यांनी लोणी लावलेल्या पावावर पसरली आणि आम्हा दोघांच्या हातात एकेक तुकडा दिला. मग टेबलाकडेच बघत ते बोलायला लागले. दुसरं महायुद्ध संपलं तेव्हा ते लहान होते. घराच्या खिडकीला काच उरली नव्हती. त्या खिडकीत त्यांची आई ओल्या फडक्यावर हेच पेरायची, आणि कित्येक दिवस जेवणात तेवढंच हिरवं असायचं.

"तर मग," ते म्हणाले, "ज्या शहरात क्रेसे उगवतं, त्याला उपाशी मारता येत नाही." आणि त्यांनी आपल्या हाताने आपली फौज खोक्यात भरायला घेतली. वेढा उठला.

मी हे बाबांना मराठीत सांगितलं. बाबांनी सगळं ऐकलं. मग आपल्या हातातला पाव मोडून त्यातला मोठा तुकडा त्यांनी आजोबांपुढे धरला.

आजोबांनी मला विचारलं, पुढच्या शनिवारी नवी लढाई मांडायची का? या वेळी वेढा बाबांनी घालायचा.

मी विचारलं. बाबांनी माझ्या पोटाकडे पाहिलं.

"सांग त्यांना, बाळ झाल्यावर. तोवर मला घरी काम आहे."