फ्रिजमधला हिवाळा

बुकित बातोकच्या आमच्या ब्लॉकखाली, पाऊस पडून गेल्यावर, माझ्या मुलीला पंख गळालेली एक राणी मुंगी सापडली. काचेच्या नळीत निम्मं पाणी, मध्ये कापसाचा बोळा आणि पलीकडे राणी, असं आम्ही तिचं बिऱ्हाड थाटलं. नोव्हेंबरपर्यंत तिच्याभोवती अकरा कामकरी मुंग्या झाल्या. मुलगी बारा वर्षांची. एरवी ती मला खिजगणतीत धरत नाही, पण मुंग्यांच्या बाबतीत आम्ही भागीदार होतो.

मग मी वाचन केलं. माझ्या बहुतेक घोटाळ्यांची सुरुवात अशीच होते. कुठल्याशा थंड देशातल्या हौशी लोकांनी लिहिलं होतं, की हिवाळ्यात मुंग्यांना दोन-अडीच महिने गारठ्यात झोपवलं नाही तर राणी पुढचं वर्ष बघत नाही. मी हबकलो. विषुववृत्ताजवळच्या आमच्या खिडकीबाहेर नोव्हेंबरातही बत्तीस डिग्री होतं, पण तो मला पुरावा वाटला नाही, संकट वाटलं.

नळी काळ्या कापडात गुंडाळून फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात गेली. बायकोची अट एकच, तिची कोथिंबीर हलवायची नाही. फ्रिजच्या दारावर मी तक्ता चिकटवला: तारीख, तापमान, निरीक्षण आणि दोन सह्या. सकाळी उठल्या उठल्या मुलगी रोज सही करायची. आठवड्यातून एकदा मी कापड जरासं सरकवून, टॉर्चवर लाल कागद लावून, आत डोकावायचो. काचेवर दव, त्यामागे बारा काळे ठिपके, हालचाल शून्य. ‘गाढ झोप’, मी लिहायचो. हॉकर सेंटरमध्ये जेवताना ऑफिसातल्या पुणेकरांना मी शीतनिद्रेवर व्याख्यानं दिली. एकाने विचारलं, इथल्या मुंग्यांना हिवाळा माहीत तरी असतो का. त्याला मी अभ्यास वाढवायला सांगितलं.

संक्रांतीला बायकोने माझ्या हातावर तिळगूळ ठेवला आणि तोंड फिरवून घाईने आत गेली. माझी चिकाटी बघून तिला भरून आलं असावं, अशी मी समजूत करून घेतली.

फेब्रुवारीत ठरल्या दिवशी नळी बाहेर काढली. शेजारी मधाचा थेंब ठेवला. तास झाला, दोन तास झाले, कोणी जागं होईना. मीच मारलं की काय सगळ्यांना? कापूस काढून नळी तळहातावर उपडी केली. अकरा काळे तीळ पडले, आणि राणीच्या जागी कलिंगडाची एक बी.

मुलीने तिच्या टेबलाचा ड्रॉवर उघडला. आत दुसरी नळी. चाळीसेक मुंग्या, पांढऱ्या अळ्यांचा ढीग, मधोमध राणी. तिसऱ्याच दिवशी तिने फ्रिजमध्ये बघितलं तर सगळ्या उताण्या पडल्या होत्या; तेव्हाच तिने त्या या नळीत हलवल्या. तीळ आईने दिले. बी कोणाची कल्पना, ते दोघी अजून एकमेकींवर ढकलतात.

“बाबा, दे वेअर डाइंग लाह,” ती इथल्या शाळेतल्या इंग्रजीत म्हणाली.

“मग मला सांगायचं ना.”

“सांगितलं होतं. दोनदा. तू म्हणालास, आधी नीट वाच.”

मला ते आठवत नाही, म्हणजे बहुधा खरं असावं.

मुंग्या जिवंत होत्या, तेव्हा मी खूश व्हायला हवं होतं. झालोही. पण नंतर जाऊन तक्ता वाचला. तिच्या सत्तरच्या वर सह्या. दुसऱ्या दिवसाच्या सहीत आणि तिसऱ्या दिवसाच्या सहीत काडीचा फरक नव्हता. चहाच्या आधी मी रोज ती सही बघायचो आणि वाटायचं, या घरात एक तरी माणूस माझ्या बाजूने आहे. तिळांना मी हिवाळाभर जपलं याचं मला हसू येतं. त्या सह्यांचं अजून येत नाही.

ड्रॉवरला आता कुलूप आहे. मला रविवारी पाच मिनिटं बघायला मिळतं, आणि तेवढा वेळ ती शेजारी उभी असते.