तीन नंबरची खोली

१२ मे. कुरडयांचा चीक ढवळत होते, तेवढ्यात बहिणीच्या मुलीचा, सविताचा लातूरहून फोन आला. परीक्षेसाठी ती काल तिकडे गेली होती. स्टँडसमोरच्या तीन लॉजवाल्यांनी एकटी मुलगी म्हणून खोली नाकारली आणि पोरीने रात्र स्टँडच्या बाकड्यावर काढली. आजचा पेपर पेंगत दिला. परवा दुसरा आहे. ऐकता ऐकता चीक बुडाला लागला. लागू दे म्हटलं. त्याच स्टँडसमोरच्या रस्त्यावर एके काळी आक्कांचा लॉज होता.

आक्का दारात आलेल्या पुरुषाला नाव, गाव, काम, सगळं विचारायच्या. बाई आली की एवढंच, "जेवलीस का, तंगी?" तंगी म्हणजे कानडीत धाकटी बहीण. आक्का उदगीरकडच्या लिंगायत, विधवा, आठ खोल्यांच्या मालकीण. त्यातली तीन नंबरची फक्त बायकांसाठी. रिकामी पडली तरी पुरुषाला मिळायची नाही. तिच्या दाराची बाहेरची कडी आक्कांनी स्वतः उपटून काढली होती. "बाईला आतून लावता आलं पायजे. भायेरून लावणाऱ्याचं हितं काय काम?"

एकोणीस वर्षांची असताना नर्सिंगच्या मुलाखतीसाठी मी देगलूरहून गेले. बस वाटेत बंद पडली, पोचायला अंधार झाला. आक्कांनी भाकरी-पिठलं वाढलं आणि माझ्या दाराबाहेर स्वतःची बाज टाकली. सकाळी निघताना ओरडल्या, "साहेबापुढं पदर सावरत बसणार हायस का उत्तर देणार हायस? पिन लाव!" नोकरी लागली. पुढे कामानिमित्त लातूरला गेले की मुक्काम तिथेच.

मग लातूर जिल्हा झाला. साहेब आले, कंत्राटदार आले, दुष्काळाच्या कामांवरचे लोक आले. खानावळींवर रंगीत दिवे लागले, आत परमिट रूम निघाल्या. शेजारी म्हणायचे, गाव आता शहर झालं. एका टंचाईच्या उन्हाळ्यात टँकरवाल्याचा माणूस आक्कांकडे आला. मी तेव्हा तिथेच होते.

"आक्का, आमच्या पाहुण्याला तीन नंबर द्या. न्हाईतर टँकर हिकडं वळायचा न्हाई."

"पाहुण्याला सगळं गाव मोकळं हाय. बाईला ही एकच खोली हाय. ने तुझा टँकर."

टँकर खरंच बंद झाला. आक्का पहाटे लांबच्या आडावरून घागरी आणायच्या. पहिली बादली तीन नंबरला. बाकीच्यांना आंघोळ नाही. एक विमा एजंट कुरकुरला, "आक्का, आम्ही काय पाप केलं?"

"न्हाल्यानं तुझं रूप उजळणार हाय का? गप बस."

सगळे हसले, तोही हसला. लॉज सोडून मात्र कुणी गेलं नाही.

आक्कांना टँकरवाला हरवू शकला नाही, घरच्यांनी हरवलं. गुडघे गेले तेव्हा पुतण्याने त्यांना "विश्रांतीसाठी" उदगीरला नेलं आणि लॉजच्या तळमजल्यावर परमिट रूम काढली. मी भेटायला गेले तर त्यांनी माझी चौकशी केली नाही, पुतण्याची तक्रार केली नाही. विचारलं एवढंच, "तीन नंबरला कोण हाय आता?" तिथे बाटल्यांचे क्रेट रचलेले मी येताना बघून आले होते. "बाई आहे, आक्का," मी म्हटलं. पुढच्या महिन्यात त्या गेल्या. त्या खोटेपणाचं मला वाईट वाटत नाही. संताप येतो तो मला ते बोलावं लागलं याचा. आज तो रस्ता रात्रभर झगमगतो. प्यायलेल्या माणसाला तिथे खोली मिळते, शुद्धीतल्या मुलीला नाही, आणि याला म्हणे प्रगती म्हणायचं.

संध्याकाळी सविता नांदेडला माझ्याकडे परत आली. "मावशी, परवाचा पेपर राहू दे," म्हणाली. मी तिला जेवायला वाढलं आणि दोन दिवसांची रजा टाकली.

१३ मे. सकाळी पहिल्या बसने आम्ही लातूरला गेलो. तिला नाकारणाऱ्या पहिल्याच लॉजच्या काउंटरवर तिने ओळखपत्र ठेवलं. मॅनेजर माझ्याकडे बघून म्हणाला, "हां, तुम्ही दोघी ऱ्हाणार असाल तर जमंल."

"ती एकटी राहणार," मी म्हटलं. "जमत नसेल तर नाकारल्याचं लिहून द्या. सही-शिक्क्यासकट."

तो मालकाला फोन लावायला लागला. मी खुर्ची ओढून काउंटरला टेकवली आणि सविताला सांगितलं, तू पुस्तक काढ.