आधी धिरडं, मग मरण

माझ्या सलूनच्या आरशात समोरचं दुकान उलटं दिसतं. गिऱ्हाइकाच्या मानेवरून वस्तरा फिरवताना मी वर्षानुवर्षं त्या उलट्या दुकानातल्या तेइजीकडे पाहत आलो. मोठा काळा तवा, दोन हातांत दोन उलथणी, आणि एक तोंड, ज्याचा त्याने कधी फारसा उपयोग केला नाही.

तेइजी उत्तरेकडचा, आकिताचा. त्याच्या गावी बर्फ खिडकीपर्यंत चढतं आणि तोंड उघडलं की थंडी आत शिरते, म्हणून माणसं कमी बोलतात, असं तो एकदा म्हणाला होता. आम्ही त्याच्याकडून ऐकलेलं सर्वांत लांब वाक्य तेच. चिझुरूशी लग्न करून तो ओसाकात आला, घरजावई झाला, सासूचं आडनाव घेऊन सासूच्या तव्यापुढे उभा राहिला. ओकोनोमियाकी, म्हणजे कोबीचं ते जाडजूड धिरडं, त्याच्यासारखं आमच्या बाजारगल्लीत कुणाला जमत नाही. त्याची सासू उमेनोआजीही हे कबूल करायची आणि लगेच पुढे म्हणायची, "धिरडं काय, यंत्रसुद्धा करेल. माझ्या दुकानातून माणूस हसत बाहेर पडला पाहिजे."

म्हणून दारावरच्या निळ्या पडद्याला ती कुणाला हात लावू देत नसे. सकाळी पडदा बाहेर लागला की दुकान उघडलं, संध्याकाळी आत गेला की मिटलं. आणि हे काम मालकाचं. नव्वदीला टेकलेली म्हातारी स्टुलावर चढायची, चिझुरू स्टूल धरायची, तेइजी आत कोबी चिरत राहायचा.

या वर्षी तिच्या गुडघ्यांनी दगा दिला. दाढीचे टॉवेल वाळत घालत होतो, तेव्हा तिने मला ऐकू जाईल असं जाहीर केलं, "शरदात पानं लाल व्हायला लागली की दुकान बंद."

"आणि जावईबापू?" मी विचारलं.

"त्यांना काय, मौन कुठेही पाळता येतं."

तेइजीच्या हातातली सुरी थांबली. मग पुन्हा चालू लागली. ते थांबणं मला गल्लीपलीकडे ऐकू आलं. एखाद्याचं सगळं आयुष्य एका तव्याभोवती जमलेलं असावं, आणि तवा दुसऱ्याचा असावा.

त्याच सुमारास नोएलिया आली. दूरच्या उरुग्वेची, मोन्तेविदेओत बस चालवणारी, खांदे पैलवानासारखे. गल्लीत शिरली तीच आपल्या बसचा फोटो सगळ्यांना दाखवत, नातवाचा दाखवावा तसा. चार दिवसांसाठी ओसाका बघायला आली होती. किल्ला तिने घाईत उरकला म्हणे. मग कालव्यातल्या बोटीत बसली, पुलांवर उभी राहिली, आणि शहर बसमध्ये चालकाच्या मागे बसून, उतरायचं विसरून, शेवटच्या थांब्यापर्यंत त्याचे हात बघत गेली. दुपारी मात्र तेइजीच्या दुकानात. तो धिरडं उलटताना ती असं बघायची, जसा एक चालक दुसऱ्याचं वळण बघतो. दोघांना एकमेकांचा एक शब्द कळत नव्हता, त्यामुळे त्यांचं उत्तम जमलं. ती नकाशा पसरायची, कुठे कुठे भटकली ते बोटाने दाखवायची. तो मान हलवायचा.

"आई, बघ, हा तिच्याशी बोलतोय!" चिझुरू म्हणाली.

"कुठे बोलतोय?"

"मान हलवली की. दोनदा!"

"माझ्यापुढे आजवर एकदाच हलवली," उमेनोआजी म्हणाली. "लग्नाला होकार देताना."

शेवटच्या दिवशी सकाळी मासळीवाल्या कानबाराने नोएलियाला ओसाकाची खरी विद्या शिकवली. बोट रोखायचं आणि म्हणायचं, "ठो!" पहिला तोच कोसळला, बर्फाच्या खोक्यावर पाठ टाकून. "माझ्या बायकोला सांगा," तो ओरडला, "खेकडे फ्रीजमध्ये आहेत!" मग ती सुटलीच. लोणचीवाली मेली. देवळातला पुजारी सायकलवरून उतरला, स्टँड लावला, मेला आणि पुढे गेला. मी खुर्चीला धरून घसरत खाली आलो. माझं फेस लावलेलं गिऱ्हाईकही मान टाकून पडलं, नेम त्याच्यावर नसताना. बोट रोखलं की मरायचं, ही आमच्याकडची साधी माणुसकी आहे. मरणाची इतकी तालीम करणारं शहर दुसरं नसेल, आणि दर वेळी कपडे झटकून उठताना आम्ही थोडे ताजे होतो.

पण तेइजीवर बोट रोखायचं नाही, हे गल्लीतल्या पोरांनाही ठाऊक होतं. कुणी रोखलंच तर तो कमरेत वाकून नमस्कार करायचा, आणि रोखणाऱ्यालाच लाज वाटायची. हे नोएलियाला कुणी सांगितलं नव्हतं.

ती पाठीवर पिशवी घेऊन दुकानात शिरली, तव्यासमोर उभी राहिली. "ठो!"

मी वस्तरा खाली ठेवला आणि आरसा सोडून दारात आलो. हे सुलटंच बघायला हवं होतं.

तेइजीने बोटाकडे पाहिलं. मग तव्याकडे. धिरड्याच्या कडा नुकत्या तांबूस होत होत्या. त्याने एक हात वर केला: थांबा. दोन्ही उलथणी खाली सरकवून धिरडं उलटलं. दुसरी बाजू होईपर्यंत उभा राहिला. नोएलियाचं बोट हवेत तसंच. त्याने ब्रशने सॉस लावला, समुद्री शेवाळाची पूड भुरभुरली, वाळक्या माशाचे पापुद्रे पसरले. ते उष्णतेने वळवळू लागले. ताट तिच्यापुढे ठेवलं. गॅस बंद केला. उलथणी जागेवर टांगली. अॅप्रन सोडून त्याची घडी घातली. मग छातीवर हात ठेवला आणि छपरावरून बर्फ घसरावं तसा, सावकाश, अखंड खाली गेला.

"मेला?" उमेनोआजीने विचारलं.

चिझुरूने वाकून पाहिलं. "मेला, आई."

"आत्ता? एव्हाना गोळी क्योतोला पोचली!"

तव्यामागून, जमिनीवरून आवाज आला. "आधी गिऱ्हाईक. मरण नंतर." आणि थोड्या वेळाने, "गरम आहे तोवर खा म्हणावं."

मग जे हसू फुटलं ते गल्लीच्या टोकापर्यंत गेलं. कानबारा भिंत धरून हसत होता. म्हाताऱ्या उमेनोने हसता हसता कवळी काढून हातात धरली आणि मोकळ्या तोंडाने हसत राहिली. एकही शब्द न कळलेली नोएलिया सगळ्यांत जास्त हसत होती, डोळे पुसत, गरम धिरडं खात. पिशवी उचलून निघाली तेव्हाही गल्लीच्या वळणावरून तिचं हसू ऐकू येत होतं.

संध्याकाळी आजी दारात आली. चिझुरूने स्टूल आणलं. आजीने स्टुलाकडे पाहिलं, गुडघ्याकडे पाहिलं.

"तेइजी," ती म्हणाली. जावईबापू नाही, नुसतं तेइजी. "पडदा आत घे."

तो हात पुसत बाहेर आला. त्याला स्टूल लागलं नाही. पडदा त्याने दोन्ही हातांवर घेतला, झोपलेलं मूल उचलावं तसा.

"घडी नीट घाल. आणि सकाळी लावायला उशीर करू नकोस."

"आजी, पानं लाल झाली की बंद ना?" मी ओरडलो.

"तू गुमान दाढ्या कर!"

मग मला राहवलं नाही. मी गल्लीपलीकडून तेइजीवर बोट रोखलं. "ठो!"

त्याने पडद्यावरून माझ्याकडे पाहिलं. एक हात सोडवून वर केला: थांब. पडदा आत नेला. दुकानाचा दिवा मालवला. आणि आतून धप्प असा आवाज आला.